आहे तेच लिही

७ जानेवारी, सातारा

आज रविवार, म्हणून सगळा लेख पहिल्यापासून वाचला. सकाळी चांगला वाटला, दुपारी वाटेनासा झाला. विषय साधा आहे, निदान मराठीत सांगायला: लग्नात ज्या बायकांची नावं बदलली, त्यांच्या पहिल्या नावाचं पुढे काय झालं? इंग्रजीत एवढंच सांगायला मला दीड पान लागलंय. बावीस जणींशी बोलले, खंडाळ्यापासून तासगावपर्यंत. पहिली मुलाखत माझ्या आईची, वाईला. बाकीच्या ओळखीतून ओळख काढत मिळत गेल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी जर्नलकडे पाठवायचाय. त्यांचा बायकांच्या इतिहासावर विशेषांक आहे, अशी संधी परत येणार नाही. वीस वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे आणि माझ्या नावावर धड एक लेख नाही. स्टाफरूममध्ये कोणी असं म्हणत नाही, पण पदोन्नतीचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघायचं टाळतात.

दुपारी रेकॉर्डिंग ऐकत होते तर आई चहा घेऊन आल्या. (सुमंतच्या आई. वाईच्या आईला मी नुसतं 'वाईची आई' लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होतो.) कप ठेवून उभ्या राहिल्या.

"ही कुठली?"

"पलूसची."

"रडतेय का गं?"

"नाही, हसतेय. आवाज खरखरतो त्यांचा."

"नाव सांगताना हसली?"

"हो. बऱ्याच जणी हसतात."

त्या आणखी थोडा वेळ उभ्या होत्या. चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायले.

१२ जानेवारी

जेवताना सुमंतला प्रस्तावना वाचून दाखवली. इंग्रजी वाचत वाचत मराठीत सांगत गेले, म्हणजे आईंनाही कळेल. सुरुवात आमच्या लग्नापासून केली आहे. ताटात तांदूळ पसरलेले, सोन्याच्या अंगठीने नवरा बायकोचं नवं नाव लिहितो, सगळे वाकून बघतात. माझ्या ताटात सुमंतने 'दीपमाला' लिहिलं. माझंच नाव. मी लग्नाआधी त्याला एकदा म्हटलं होतं की मला नाव बदलायचं नाही, त्यावर तो 'बघू' एवढंच म्हणाला होता. त्यामुळे ते ताट बघितल्यावर मला जे वाटलं ते आजही आठवतं. लेखात लिहिलंय: 'माझ्या नवऱ्याने घरातल्या रीतीविरुद्ध माझं नाव राखलं.'

सुमंत ताकाची वाटी हातात घेऊन ऐकत होता. "बरंच मोठं करून टाकलंस मला," म्हणाला.

पुढे नवऱ्याच्या नावाला जोडून बायकोचं नाव ठेवायची पद्धत येते. तिथे उदाहरण आमच्याच घरातलं, सुमंतच्या आईबाबांचं घेतलंय: गोपाळकृष्ण आणि रुक्मिणी.

"आमचं पण घातलंस?" आई म्हणाल्या.

"उदाहरण म्हणून हो, आई. पटकन कळतं."

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या आणि भात आणायला उठल्या. भात टेबलावरच होता.

२१ जानेवारी

जर्नलच्या नियमांत एक कलम मी नीट वाचलंच नव्हतं. ज्यांच्याशी बोललो त्यांची खरी नावं छापायची नाहीत, सगळ्यांना टोपणनावं द्यायची. नेहमीचाच नियम आहे, वर्गात मीही शिकवते. पण इथे विषयच नावांचा. म्हणजे प्रत्येकीची दोन खोटी नावं करायची, एक माहेरचं खोटं, एक सासरचं खोटं. संपादकांना ईमेल केली, की बायकांची संमती असेल तर? उत्तर एका ओळीचं आलं: अपवाद नाही.

सगळी दुपार नावं शोधण्यात गेली. शेवटी शेवटी सुचेनाशी झाली तेव्हा कॉलेजच्या हजेरीतली घेतली.

आई भाजी निवडत समोर बसल्या होत्या. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं.

"मग खरी नावं कुठे राहतात?"

"माझ्याकडे."

"म्हणजे तुला सांगितलं की तुझ्याकडे राहतं."

"हो. लॅपटॉपला पासवर्ड आहे."

त्यांनी गवारीच्या शिरा काढल्या, शेंगा मोडल्या. मग म्हणाल्या, "तू त्यांना आधी काय विचारतेस गं? एकदम नाव?"

"नाही हो. आधी इकडचं तिकडचं. शाळा, मैत्रिणी. मग आपोआप येतं."

"मला शाळा आवडायची," आई म्हणाल्या.

मी 'हं' म्हटलं. तेव्हा सोळाव्या बाईचं नाव अडलं होतं.

४ फेब्रुवारी

काम पुढे सरकत नाही. संदर्भसूची त्यांना हवी तशी होत नाही, शब्द हजाराने जास्त आहेत. घरी बसलं की मध्ये मध्ये काही ना काही असतं. आई काही मुद्दाम करत नाहीत, पण दाराशी येऊन उभ्या राहतात, आणि मला त्यांचं उभं राहणं पाठीत जाणवतं. आज टीव्ही बंद करून माझ्या खोलीत येऊन बसल्या. "मी आहे बसलेली, तुझं चालू दे," म्हणाल्या. माझं काही चालेना.

सुमंतला म्हटलं, श्रद्धाताईंकडे महिनाभर राहिल्या तर? श्रद्धाताई म्हणजे सुमंतची थोरली बहीण, सांगलीला विश्रामबागेत असते. अपेक्षा, तिची मुलगी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिलाही आजी हवीच असते. सुमंत म्हणाला, "तूच विचार." मी विचारलं. आई म्हणाल्या, "जाते की. तुझा लेख महत्त्वाचा."

इतकं सहज म्हणाल्या की मला हलकं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सांगली

आईंना सोडायला आले. उद्या इथूनच तासगावला जाऊन अंबूबाईंना भेटेन, म्हणजे दोन्ही कामं एका फेरीत.

एसटीत आईंना खिडकी दिली. कऱ्हाड सोडल्यावर म्हणाल्या, "दीपा, आमच्या शाळेत ना, एक बाई होत्या. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबायच्या आणि म्हणायच्या..." तेवढ्यात माझा फोन वाजला. विभागप्रमुख. परीक्षेच्या ड्यूट्या लावायच्या होत्या, ते बोलणं इस्लामपूरपर्यंत चाललं. फोन ठेवला तेव्हा आईंचा डोळा लागला होता. किंवा डोळे मिटून बसल्या होत्या.

श्रद्धाताईंनी भरली वांगी केली होती. अपेक्षाने आजीची बॅग आपल्याच खोलीत नेली.

१८ फेब्रुवारी, एसटीत, तासगावहून परतताना

अक्षर हलतंय, पण घरी जाईपर्यंत थांबलं तर बोलणं जसंच्या तसं राहणार नाही.

अंबूबाई म्हणजे माझ्या तक्त्यातली एकोणिसावी. पंचाहत्तरीच्या आसपास. मालक नाथाजी फौजेत होते, आता नाहीत. मुलगा जयराज द्राक्षं करतो. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर हिरवी द्राक्षं पसरलेली, आणि अंबूबाई कडेला पोत्यावर बसून तयार बेदाण्यातल्या काड्या वेचत होत्या. गेल्या वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांचं माहेरचं नाव हौसा. सासरी थोरल्या जावेचं नावही हौसाच होतं. एकीला हाक मारली की दोघी येतील, म्हणून यांचं बदललं. "म्हस आणली हुती माहेरनं," तेव्हा म्हणाल्या होत्या, "तिचं नाव चंद्री. तिचं मातर मरस्तवर चंद्रीच ऱ्हायलं."

मला बघताच म्हणाल्या, "आलासा? बसा. छापून आलं व्हय?"

"अजून पाठवायचंय. त्याचसाठी आले." मग नियम सांगितला. खरं नाव लिहिता येत नाही, सगळ्यांचंच बदलावं लागतं, तुम्हाला कोणाचा त्रास होऊ नये म्हणून.

"मला कोण तरास देतंय? पोरगं देतंय तेवडा बास हाय."

"ऐकतोय मी," जयराज जाळीमागून म्हणाला.

"ऐक की मग. तुझ्यासाठीच बोलतीया." माझ्याकडे वळून, "मग माझं काय ठेवलंसा?"

"सखू."

"सखू." त्यांनी ते जिभेवर ठेवून बघितलं. "कुणाला इचारून?"

"असंच सुचलं."

"आमच्या सासूलाबी असंच सुचलं हुतं. मंजी परत ताटात तांदूळ वतलंसा म्हणा की."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी म्हटलं, अंबूबाई, माझ्या हातात नाही. त्या काड्या वेचत राहिल्या.

"हाय त्येच लिवा की. दुसरं कशाला लिवायचं? मालकांच्या पत्रात अंबू, मनिआर्डरीवर अंबू, आता पेन्शनीच्या बुकात अंबू. हौसा म्हणणारा माझा भाऊ दादासो येकला ऱ्हायला हुता. त्यो दिवाळीत गेला. आता त्या नावानं हाक मारणारं कोण न्हाई. म्हटलं, कागदावर तरी ऱ्हाईल."

दादासो गेल्याचं मला माहीत नव्हतं. त्याच पुढे म्हणाल्या, "असं करा. खोटं नावच लिवायचं हाय न्हवं? मग खोटं म्हणून हौसा लिवा. वाचणाऱ्याला कुटं म्हाईत खरं कुटलं अन् खोटं कुटलं."

जयराज मोठ्याने हसला. "आय, तू वकील व्हायला पायजे हुतीस."

तक्त्यात टोपणनावाच्या रकान्यात मी 'हौसा' लिहिणार आहे. नियमात बसत नाही, पण लिहिणार.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमचं बदललं न्हाई न्हवं, मॅडम?"

"नाही. मालकांनी तेच ठेवलं."

"अन् तुमच्या सासूचं?"

"बदललं होतं. आता रुक्मिणी."

"आदी काय हुतं?"

मला सांगता आलं नाही. म्हटलं, विचारायचं राहिलं.

"घरातच असत्यात न्हवं त्या?"

"हो."

अंबूबाईंनी वेचलेल्या बेदाण्यांत हात घातला. ओंजळभर बेदाणे माझ्या हातात ओतले आणि म्हणाल्या, "खावा. गोड हायत."

विचारायला हवं आईंना. एकदा लेख गेला की निवांतपणे विचारीन.

२९ फेब्रुवारी, सातारा

लेख गेला. 'सबमिट'चं बटण दाबलं, स्क्रीनवर आभाराची दोन वाक्यं आली आणि संपलं. घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

सांगलीला फोन केला. आई म्हणाल्या, "झालं ना? बरं झालं बाई." मागे अपेक्षा हसत होती. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "केसांना तेल लावतेय माझ्या. काय काय विचारत बसते, माझं लहानपण."

म्हटलं, कधी येताय? म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे तिची."

२ मे

परीक्षा झाली. आता 'ऊन कमी होऊ दे' म्हणतात. सुमंत म्हणाला, तिथे तिला करमतंय, राहू दे. करमतंय हे खरं आहे. मी आणायला गेले असते, पण पेपर तपासणी चालू आहे. संध्याकाळी घरी आलं की दार मीच उघडायचं, दिवा मीच लावायचा, एवढंच.

११ जून

जर्नलकडून उत्तर आलं. नाकारला नाही. दोन परीक्षकांची मतं आहेत, दुरुस्त करून सहा आठवड्यांत परत पाठवायचा. पहिल्याने भाषेबद्दल लिहिलंय, ते अपेक्षित होतं. दुसऱ्याने (का कोण जाणे, मला ती बाई वाटते) लिहिलंय: लेखिका स्वतः याच समाजातली आहे. ती आपल्या आईशी बोलली, नवऱ्याविषयी लिहिते, मग सासरच्या घरातल्या मागच्या पिढीचं काय? उदाहरणात तिने सासूचं नवं नाव दिलं आहे. जुनं कुठे आहे?

वाचून पहिल्यांदा राग आला. मग मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

अंबूबाईंनी हेच विचारलं होतं. त्याला चार महिने होत आले, आणि मला सवड झाली नाही. आता होईल, कारण आता लेख अडलाय. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

१५ जून, सांगली

सकाळच्या गाडीने आले. रेकॉर्डर घेऊन. तो घ्यायला नको होता.

आई बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. तब्येत छान दिसते, केस कापलेत मानेपर्यंत, अपेक्षाच्या नादाने. मी म्हटलं, छान दिसतात. "हलकं वाटतं," म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले, रेकॉर्डर सवयीने मध्ये ठेवला आणि त्यांनाही सवयीने शाळेचं विचारलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग रेकॉर्डरकडे.

"हे चालू आहे का?"

"हो. नको असेल तर बंद करते."

"तुझ्या लेखासाठी विचारतेस?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "हो. म्हणजे, तेवढ्यासाठीच नाही. पण परीक्षकांनी विचारलंय."

"कोण ते?"

"माहीत नाही. नाव कळत नाही त्यांचं."

"बघ," आई म्हणाल्या. हसल्या, पण माझ्यासाठी नाही. "ज्यांचं नाव माहीत नाही त्यांनी विचारलं, म्हणून तू आलीस."

मी काहीतरी बोलायला लागले. बदलून लिहीन, कोणाला कळणार नाही, असलं काहीतरी. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, रागाने नाही.

"नको गं दीपा. सगळ्या घरात तू एकटी या नावांच्या मागे लागलीस. मला वाटलं, आज विचारेल, उद्या विचारेल. मीही वेडी, दाराशी येऊन उभी राहायचे. आता ती हौस फिटली. तू लिही, की एक बाई नाही म्हणाली. तसं चालतं ना तुमच्यात?"

"चालतं."

"मग झालं की."

आणि वर्तमानपत्र उघडलं.

नंतर स्वयंपाकघरात श्रद्धाताई पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. मला वाटतं त्यांनी सगळं ऐकलं असावं. प्रस्तावनेबद्दल त्यांना आईंकडून कळलं होतं. म्हणाल्या, "ताटाचं तू लिहिलंयस ना, की सुमंतने नाव राखलं. तुला खरंच तसं वाटतं?"

म्हटलं, म्हणजे?

"अगं, नाव ठरलं होतं तुझं. सुमती. सुमंत-सुमती. आत्याने ठरवलं, बाबांनी मान डोलावली. सुमंत काय बोलणार? तो अंगठी फिरवत उभा. ताट आईच्या हातात होतं, आतल्या खोलीत. आई त्याला म्हणाली, आहे तेच लिही, नाहीतर मी ताट बाहेर आणत नाही. आत्या तोंड बघत राहिली. बाबा कित्येक दिवस आईशी धड बोलले नाहीत. मला वाटायचं, तुला सुमंतने सांगितलं असेल."

पोहे झाले. मी खाल्ले.

१६ जून, सातारा

सुमंतला विचारलं. तो बूट काढत होता.

"मला वाटलं तुला माहीत आहे."

"एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की तू..."

"तू इतकी खूश होतीस," तो म्हणाला, "पहिल्या दिवशी बोललो नाही, मग राहूनच गेलं. आणि आईही कधी काही म्हणाली नाही." दुसरा बूट काढला. "तू वाचून दाखवलंस तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही."

मी त्याच्यावर चिडले असते, पण चिडायला तोंड कुठे आहे? त्या दिवशी आईंकडे मीही बघितलं नव्हतं. भात टेबलावर असताना त्या भात आणायला उठल्या, एवढंच बघितलं, आणि तेही गंमत म्हणून या वहीत लिहून ठेवलं.

८ जुलै

दुरुस्त्या करते आहे. तक्त्यात तेविसावी ओळ घातली. वय पंचाहत्तर, जिल्हा सातारा, सासरचं नाव या रकान्यात टोपणनाव, माहेरचं नाव या रकान्यात 'सांगण्यास नकार'. प्रस्तावनेतलं गोपाळकृष्ण-रुक्मिणी काढून टाकलं. ते मुळात घालायलाच नको होतं. बावीस जणींची नावं जपत बसले आणि घरातलं खरं नाव खुशाल लिहून मोकळी झाले, कारण घरातल्या बाईची परवानगी घ्यायची असते हे डोक्यातच आलं नाही.

ताटाचं वाक्य बदललं. आधी 'माझ्या नवऱ्याने' होतं. आता: 'ताट हातात धरलेल्या बाईने.' इंग्रजीत ते तितकंसं बरं वाचत नाही. तसंच ठेवलंय.

खोली शांत आहे. हवी होती तशी. मध्येच दाराकडे वळून बघते.

१९ सप्टेंबर

लेख स्वीकारला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता थांबू नका." सुमंत संध्याकाळी गजरा घेऊन आला. आणून टेबलावर ठेवला.

सांगलीला फोन केला, तर आई म्हणाल्या, "वा. नाव काढलंस." फोन ठेवल्यावर तेच दोन शब्द बराच वेळ कानात राहिले. त्यांनी नेहमीच्या अर्थाने म्हटले असणार.

येण्याचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. सुमंतने गेल्या आठवड्यात त्यांचे स्वेटर आणि पोथ्या पोचवल्या.

१६ नोव्हेंबर, एसटीत, सांगलीहून परतताना

अंक छापून आला. एक प्रत अंबूबाईंकडे पोस्टाने पाठवली होती, हौसा शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढून. जयराजचा फोन आला की आईने तो देवघरात ठेवलाय आणि येईल त्याला दाखवते. मागून अंबूबाईंचा आवाज, "मॅडमना म्हणावं, इंग्रजीत लय झाक दिसतंय."

एक प्रत घेऊन आज सांगलीला गेले. रेकॉर्डर नेला नाही. काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि तरी वाटभर तेच मनात होतं: मी विचारणार नाही, मग कदाचित त्या आपणहून सांगतील.

श्रद्धाताईंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिना चढत होते. दार उघडंच होतं, आतून अपेक्षाचा आवाज आला. ती कोणाला तरी हाक मारत होती. मला वाटलं, मैत्रीण आली असेल. तीन अक्षरांचं नाव, जुन्या वळणाचं, आता कोणी ठेवत नाही असं.

आणि आतल्या खोलीतून आईंनी ओ दिली.

मी पायरीवरच थांबले. अपेक्षाने काहीतरी विचारलं, चष्मा कुठे ठेवलास वगैरे, पुन्हा त्याच नावाने. आई म्हणाल्या, "फ्रिजवर बघ गं." आवाज त्यांचाच होता, पण त्यात एक मुलगी होती, जी मला कधी भेटली नाही.

मी बेल वाजवली. उघड्या दाराची बेल.

"आजी, मामी आली," अपेक्षा म्हणाली. आजी.

चहा झाला. आईंनी अंक हातात घेतला, वास घेतला, माझं नाव छापलंय तिथे बोट फिरवलं. "दीपमाला," त्यांनी वाचलं. "अख्खं छापलंय."

"आई, ताटाचं वाक्य बदललं मी."

त्यांनी वर बघितलं. "श्रद्धाने सांगितलं वाटतं."

"हो. मला माहीतच नव्हतं. मी तुम्हाला कधी..."

"असू दे," त्या म्हणाल्या. "सुमंतला बरं वाटायचं, तुला बरं वाटायचं. माझं काय जात होतं." मग अंक मिटून, "पण बदललंस ते बरं केलंस."

त्यानंतर बराच वेळ बोललो. अपेक्षाची पुण्यातली नोकरी, श्रद्धाताईंचे गुडघे, साताऱ्यातल्या घराची गळती. मी दर वाक्यानंतर जरा थांबत होते. आईंना ते कळत असावं. मी इतके दिवस ज्यांच्या थांबण्याकडे लक्ष दिलं नाही, त्यांना माझं थांबणं लगेच कळलं. त्यांनी मला आणखी एक चकली वाढली.

निघाले. दाराबाहेर वाकून चपलेचा पट्टा लावत होते. आत अपेक्षाने पुन्हा त्याच नावाने हाक मारली, आता दबक्या आवाजात, मी गेले असं समजून. आणि आईंनी लगेच ओ दिली. साताऱ्याच्या घरात मी त्यांना हाक मारायचे, तेव्हा त्या पदर सावरत, हातातलं काम ठेवून, मग 'आले गं' म्हणायच्या. इतकी चटकन ओ त्यांनी मला कधीच दिली नव्हती. त्यांना आई म्हणूनच हाक मारत आले मी. दुसऱ्या कशाने मारणार होते?

एसटीत बसून हे लिहिते आहे. इस्लामपूर गेलं. नाव मला आता माहीत आहे. ते इथे लिहीत नाही. मला कोणी सांगितलेलं नाही, फक्त ऐकू आलंय.